खाण तशी माती

नेलला पहाटे सात पिल्लं झाली.
पाच काळी, दोन पिवळी.
कोळशाच्या ढिगात कुणी सायीची वाटी विसरावी
तशी ती दोन पेंढ्यावर पडलेली.
बापाने कंदील वर धरला, मोजलं, पुन्हा मोजलं
आणि दगडी गडग्याकडे पाहिलं.
पलीकडे हेस्लॉपांचा पिवळा कुत्रा राहायचा.

"बाहेर गेली होती ही."

मी म्हटलं, नाही गेली.
कडी मी लावली होती.
मी नऊ वर्षांची, कडी उंचावर,
बादली पालथी घालून तिच्यावर चढून लावली होती.

तीच बादली मग पंपाखाली भरली.

चेव्हियटच्या उतारावर, हेदर जळून काळं झालेल्या माळाशी
माझा बाप इस्टेटीचा राखणदार.
मालकाला कुत्री हवीत काळी,
नदीतून बदक उचलून आणणारी, ओली झाली की चमकणारी.
बाप म्हणायचा, खाण तशी माती.
काळ्याला काळं. दुसरं काही निघालं
तर कुणीतरी गडगा ओलांडलाय.

बापाचे केस काळे होते. आईचेही.
माझे तांबडे,
ऑक्टोबरातल्या नेच्यासारखे.
गावात म्हणत, त्या वर्षी मेंढ्या कातरायला
एक आयरिश गडी आला होता.
बाप यावर कधीच काही बोलला नाही.
आई इस्पितळात होती ते सहा आठवडे
रोज सकाळी तो माझ्या डोक्याला रुमाल बांधायचा,
घट्ट, हनुवटीखाली गाठ मारून.
वेणी कधी घातली नाही.

आता एडिंबरोत माझ्या टेबलावर पाकिटं येतात.
प्रत्येकात एक कापसाची काडी,
कुठल्यातरी कुत्र्याच्या गालाच्या आतून फिरवलेली.
मी अक्षरं वाचते.
एक आईकडून, एक बापाकडून.
मोठा ई एकटा असला तरी पुरतो, अंग काळं होतं.
धाकटा त्याच्या पाठीमागे गप्प बसून राहतो,
पाच पिढ्या, दहा पिढ्या, कुणाला पत्ता नसतो.
मग कधीतरी दोन धाकटे एकाच पोटात भेटतात.
"काळा रंग कर" असा निरोप घेऊन कुणी पेशीच्या दारावर येतं,
घंटा दाबतं,
आत घंटाच जोडलेली नसते.
केस पिवळे उगवतात.
नाक तेवढं काळं. नाकाचा हिशेब वेगळा.

गेल्या रविवारी मी बापाला कागद नेऊन दिला.
टील आणि मॉस, नेलच्या वंशातली,
दोन्ही काळी कुळकुळीत,
दोघांच्याही पोटात धाकटा ई.
त्याने चष्मा पुसला. एक्याऐंशी वर्षांचा आहे तो,
ओठ हलवत वाचतो.

"म्हणजे गडगा..."
"कुणीच ओलांडला नव्हता."

तो बोटं मोजू लागला.
एका हाताची झाली, दुसऱ्याची, पुन्हा पहिल्याची.
मला वाटलं वर्षं मोजतोय.
"सतरा," तो म्हणाला.
दाराजवळ बादली होती. हल्ली तिच्यात चुलीची राख असते.

मग मी सांगितलं.
माणसातही हेच जनुक आहे, बाबा.
जागा वेगळी, काम तेच.
काळ्या केसांच्या दोघांना
तांबडं मूल होतं. चारात एक.
ते दोघं घरातच असतात. कुणी कुठे गेलेलं नसतं.

खाण तशीच माती, खरंय तुमचं.
पण तुम्ही वरचा थरच पाहिला होता.
हे शेवटचं मी बोलले नाही. गाडीत सुचलं, परतताना.

बाहेर टील एकदा भुंकली, थांबली.
"तुझ्या आईला ठाऊक होतं हे?"
"हे नाही," मी म्हटलं. "तिला एवढंच ठाऊक होतं
की कडी लावलेली होती."

चहावर साय धरली.
बऱ्याच वेळाने तो उठला, खिडकी बंद केली.
वारा नव्हता.
मग माझ्या मागे येऊन उभा राहिला,
खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून.
त्याचा श्वास मला केसांत कळत होता.
मी मागे वळले नाही.